तळोज्यात बर्फ पडतो तेव्हा…

पिकअपला बर्फातली साखळी हवीय, असं तळोज्यात कुणाला सांगून बघा. आधी लोक हसतात, मग ‘कशाला?’ म्हणून विचारतात. त्या ‘कशाला’चं उत्तर शोधताना आम्हाला महिना लागला!

‘भाडं घेता का हो?’

तळोजा फेज टूमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसभावाला हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. विचारणाऱ्याचंही काही चुकत नाही. तळोज्यात ‘पिकअप’ म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती एमआयडीसीतून ड्रम, पाइप नाहीतर भाजीचे क्रेट घेऊन सुसाट जाणारी बोलेरो. दादाची गाडी मात्र इसुझु व्ही-क्रॉस. पाच सीट, मागे हौदा, फोर बाय फोर. गाडी सेकंडहॅण्ड, पण लाड एकदम फर्स्टहॅण्ड! आठवडाभर महाप्याला कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि सुट्टी लागली की हौद्यात सामान टाकून सुटायचं, हा त्याचा जगण्याचा फंडा.

गेल्या जानेवारीत मात्र या फंड्याला ब्रेक लागला. खरं तर ब्रेक लागला नाही, हाच तर प्रॉब्लेम होता.

दादा, वहिनी आणि सहा वर्षांची आमची चिमुरडी मनालीला गेले होते. एका सकाळी सोलंगच्या रस्त्यावर बर्फ पडायला लागला. फोर बाय फोर म्हणून यांची गाडी पुढे सोडली गेली. दादाने खबरदारी म्हणून रस्त्याकडेला भाड्याने मिळणाऱ्या साखळ्याही लावून घेतल्या. साइज? ‘चलेगा साहब!’ किलोमीटरभर चालल्याही. मग एक साखळी सुटली, मडगार्डवर फटाफट आपटली आणि गळून पडली. नेमका तेव्हाच उतार. दादाने ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही.

‘चार सेकंद असतील फार तर,’ दादा सांगतो, ‘पण त्या चार सेकंदांत मी ड्रायव्हर नव्हतो, पॅसेंजर होतो.’

गाडी डोंगराच्या बाजूच्या बर्फाच्या ढिगात रुतली. दुसऱ्या बाजूला दरी होती. मागच्या सीटवर पिल्लू गाढ झोपेत. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण वहिनी मनाली येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही.

यंदा दादाने पुन्हा २६ जानेवारीच्या सुट्टीचा विषय काढला. अटल टनेल पार करून लाहौलमधल्या सिस्सूला जायचं होतं. वहिनीने शांतपणे चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, ‘आधी साखळी, मग बुकिंग.’ आणि माझ्याकडे वळून, ‘तू लिहितेस ना सगळ्या विषयांवर? मग हा घे विषय. मला नीट कळेल असं शोधून दे.’

झालं! माझी असाइनमेंट ठरली.

फोर बाय फोर आहे ना, मग?

मी पहिला फोन केला तो एका ऑफरोडिंगवाल्या मित्राला. माझा पहिलाच प्रश्न बाळबोध होता. गाडी फोर बाय फोर आहे, टायर दणकट आहेत, मग साखळी हवीच कशाला?

त्याचं उत्तर मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. फोर बाय फोर म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळतो. त्याने गाडी निघते, चढते. पण ब्रेक? ते तर कुठल्याही साध्या गाडीला चारही चाकांना असतातच! म्हणजे थांबायच्या बाबतीत फोर बाय फोरवाला आणि साधा कारवाला जवळजवळ एकाच रांगेत. उलट आपण चढाला सहज चढलो म्हणून डोक्यात हवा जाते आणि उतारावर फजिती होते. दादाचं नेमकं हेच झालं होतं.

टायरचंही तसंच. आपल्याकडच्या ऑल टेरेन टायरवर ‘एम + एस’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे चिखल आणि बर्फ. पण खऱ्या विंटर टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. त्याचं रबर वेगळं असतं. नेहमीचं रबर साधारण सात डिग्रीच्या खाली कडक व्हायला लागतं आणि त्याची पकड कमी होते. आता तळोज्यात राहणारा माणूस चार दिवसांसाठी विंटर टायरचा सेट घेणार आहे थोडाच? म्हणून साखळी.

ही आयडिया तशी आपल्या चिखलातल्या जुगाडाचीच बहीण. पावसाळ्यात गाडी रुतली की आपण चाकाखाली गोणपाट सारतो ना, तसेच अमेरिकेत सुरुवातीचे मोटारवाले टायरला दोर गुंडाळायचे. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावच्या हॅरी वीडने ते बघून दोराऐवजी साखळी वापरली आणि १९०४ मध्ये पेटंट घेतलं. सव्वाशे वर्षं होत आली, तत्त्व तेच आहे. लोखंड बर्फात रुततं, रबर रुतत नाही.

टायर वाचता येतो का?

ऑनलाइन शोधायला बसलो तर डोळेच फिरले. प्लॅस्टिकचे पट्टे, कापडी मोजे, तारेच्या केबल, लोखंडी साखळ्या… सगळ्यांवर ‘युनिव्हर्सल साइज’चा शिक्का. मित्र म्हणाला, ‘युनिव्हर्सल म्हणजे कुणालाच नीट न बसणारी.’

मग आम्ही गाळणी लावली. प्लॅस्टिकचे पट्टे रुतलेली गाडी बाहेर काढण्यापुरते ठीक, घाट चालवायला नाहीत. कापडी मोजे हलके, चढवायला सोपे, पण बर्फ संपून डांबर लागलं की झिजून फाटतात. केबल पातळ असते, त्यामुळे ज्या गाडीच्या मडगार्डमध्ये जागा कमी तिला बरी. पण कडक बर्फात ती साखळीइतकी रुतत नाही. दोन टनांच्या आसपासच्या पिकअपला लोखंडीच साखळी हवी, यावर सगळ्यांचं एकमत.

त्यातही दोन प्रकार. एक शिडीसारखी, टायरवर आडव्या पट्ट्या असलेली. सरळ जाताना ती छान धरते, पण दोन पट्ट्यांच्या मधला भाग जमिनीवर आला की तिथे नुसतं रबर, आणि आडवं घसरायला मोकळं रान. दुसरी डायमंड, म्हणजे शंकरपाळ्यासारखी जाळी. तिच्यात चाक कसंही उभं राहिलं तरी कुठली तरी कडी जमिनीला टेकलेलीच असते. घाटात भीती आडवं जाण्याचीच. म्हणून डायमंडवर टिक.

आता साइज. दादाने रुबाबात दाराजवळचा स्टिकर दाखवला, २५५/६० आर १८. म्हणजे टायरची रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १८ इंची. मी ऑर्डर टाकणार एवढ्यात वहिनी खाली वाकली आणि टायरवरची अक्षरं वाचायला लागली. ‘अरे, इथे तर २६५ लिहिलंय!’

आधीच्या मालकाने हौसेने मोठे टायर टाकले होते. एवढ्याशा फरकाने काय होतंय? आम्ही हिशेब केला. टायरचा घेर जवळजवळ पावणेचार सेंटीमीटरने वाढला होता! स्टिकरच्या मापाची साखळी एक तर बंदच झाली नसती, नाहीतर ओढूनताणून बसवली असती आणि वाटेत तुटली असती. गेल्या वर्षी ‘चलेगा’ म्हणत लावलेली साखळी का गळून पडली, हेही तेव्हा कळलं. तेव्हाही कुणी टायर वाचला नव्हता.

काकांची कानस

दादाच्या डोक्यात मात्र भलतंच चाललं होतं. ‘कळंबोलीचं पोलाद मार्केट दहा-पंधरा मिनिटांवर आहे. साखळी तिथून घेऊ, वेल्डिंग इथे एमआयडीसीत करू. हाय काय, नाय काय!’

आम्ही वहिनीच्या काकांकडे गेलो. काका मूळचे साताऱ्याकडचे, तीस वर्षं तळोजा एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या कामात. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग वर्कशॉपमधून एक साधी साखळी आणली. आमच्या मित्राकडून उसनी आणलेली परदेशी स्नो चेन शेजारी ठेवली आणि माझ्या हातात कानस दिली.

‘घास दोन्हीवर.’

साध्या साखळीवर कानस खर्रकन बसली, चकचकीत चरा पडला. स्नो चेनवर ती काचेवरून सरकावी तशी नुसती सरकली.

‘कळलं का पोरी? हिला वरून कडक केलीय आणि आतून चिवट ठेवलीय. नुसती मऊ असली तर झिजून जाईल, सगळीच कडक केली तर काडकन तुटेल. तुमच्या वेल्डिंगच्या जोडावर हा हिशेब राहणार नाही.’

मग त्यांनी दादाला चाकाचा घेर विचारला आणि भिंतीवर खडूने आकडा मांडला. किलोमीटरला चाक सुमारे ४१० वेळा फिरतं. म्हणजे प्रत्येक कडी तेवढ्या वेळा गाडीचं वजन आणि रस्ता यांच्यामध्ये चिरडली जाते. ‘आणि मागच्या सीटवर कोण बसतं?’ काकांनी विचारलं. दादाने उत्तर दिलं नाही. कळंबोलीचा विषय तिथेच संपला.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. साखळीच्या खोक्यावर मानकाचा नंबर बघा. युरोपातल्या साखळीवर ‘ईएन १६६६२-१’ किंवा जुनं ऑस्ट्रियन ‘ओ-नॉर्म व्ही ५११९’ असं छापलेलं असतं. त्यातला व्ही ५११९ जड गाड्यांसाठी, तर छोट्या कारसाठी ५११७. नंबर नसला तर ती साखळी शोभेची.

पुढे की मागे?

यावरून घरात चक्क दोन पार्ट्या पडल्या. दादा म्हणे पुढे, कारण स्टिअरिंग पुढे आणि ब्रेकचा मोठा भारही पुढच्या चाकांवर. मित्र म्हणे मागे, कारण गाडी मुळात मागच्या चाकांवर चालणारी आणि रिकामा हौदा म्हणजे शेपूट हलकं. वहिनी म्हणे चारही.

शेवटी ग्लव्ह बॉक्समधून मॅन्युअल काढलं. (आपल्यापैकी किती जणांनी ते कधी उघडलंय, हात वर करा!) त्यात मागची चाकं लिहिली होती. कारण गाडीखाली झोपून टॉर्च मारल्यावर कळलं. पुढच्या चाकाच्या आत सस्पेन्शनचा वरचा आर्म आणि ब्रेकचा पाइप टायरला इतके जवळ की स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर बोट घालायलाही जेमतेम जागा. तिथे साखळी घासली तर ब्रेकचा पाइपच कापायचा! मागे मात्र पाट्यांपासून टायरपर्यंत बरीच मोकळी जागा होती. आणि आपले टायर तर आणखी रुंद. म्हणून नवीन साखळीची जाडी ठरवताना दादाने मागेही फूटपट्टी लावून बघितली.

साखळ्या मागे म्हणजे पुढची चाकं तशीच. मग उपाय काय? वेग. ५० ही बहुतेक साखळ्यांची कमाल मर्यादा, पण घाटातल्या बर्फात २०-२५ पुरे. उतारावर आधीच खालचा गिअर, ब्रेक हलकेच आणि पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर. शिवाय हौद्यात मागच्या अॅक्सलवर वाळूच्या चार गोण्या, दोराने घट्ट बांधलेल्या. शेपूट जड होतं आणि रुतलो तर वाळू चाकाखाली टाकता येते.

बादलीभर बर्फ

आता उरल्या दोन साखळ्या. उसनी आणलेली होती साधी, ओढून रबराने ताणायची. दुसरी ऑनलाइन मागवलेली, स्वतःच ताण घेणारी, जास्त महाग आणि जड. कुठली ठेवायची?

शनिवारी रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये ट्रायल सुरू झाली. घामाने शर्ट भिजलेले, आजूबाजूला बिल्डिंगमधली पंधरा पोरं आणि वॉचमनकाका. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘गाडी चोरीला जाईल म्हणून साखळी घालताय का साहेब?’

पहिल्यांदा साध्या साखळीला पन्नास मिनिटं लागली. त्यातही हुकांची टोकं टायरकडे आत आली, म्हणजे टायरला जखम होणार. सगळं काढून पुन्हा! चौथ्या वेळेला दादा पंधरा मिनिटांवर आला. ‘ही सोपी आहे, हीच ठेवू,’ तो खूश.

वहिनी वर गेली आणि बादली घेऊन आली. आत सकाळीच मासळीवालीकडून आणून ठेवलेला बर्फ आणि पाणी.

‘हात घाल. दोन मिनिटं. मग लाव.’

दादाने हात घातले, बाहेर काढले आणि हुक धरला. बोटं वळेचनात! मागची कडी त्याला दिसत नव्हती, ती बोटांना लागूनच ओळखायची. आता बोटांना काहीच लागत नव्हतं. दहा मिनिटं झटला आणि चिडून साखळी फरशीवर टाकली. पोरं हसायची थांबली.

मग वहिनीने बादलीत हात घातले आणि दुसरी साखळी घेतली. हिच्यात पोलादी कडं चाकामागे सरकवायचं, वर जोडायचं, रंगीत हुक समोर लावायचा. ताण साखळी स्वतः घेते. लालबुंद हातांनी तिने एक चाक सहा मिनिटांत बांधलं.

माझ्या मते निवड झाली ती त्या क्षणी. कॅटलॉगमधून नाही, बादलीतून. आणि याला आणखी एक कारण होतं. मनालीहून सिस्सूला जाताना ९.०२ किलोमीटरचा अटल टनेल लागतो, २०२० मध्ये सुरू झालेला. आत बर्फ नसतो, कोरडा रस्ता असतो, आणि कोरड्या रस्त्यावर साखळी काढायलाच हवी, नाहीतर साखळी आणि टायर दोन्हींची वाट. म्हणजे एकदा लावा, काढा, पलीकडे पुन्हा लावा. जी साखळी लावायचा कंटाळा येतो ती पिशवीतच राहते. पिशवीतल्या साखळीने गाडी थांबत नाही.

पलचानच्या पुढे

तीन मुक्काम करत, जवळजवळ दोन हजार किलोमीटर कापून आम्ही मनालीत पोहोचलो. हो, मीही गेले! वहिनी म्हणाली, ‘अर्धवट स्टोरी लिहू नकोस.’

सिस्सूला निघालो त्या सकाळी पलचानच्या पुढे बर्फ सुरू झाला. दादाने सपाट जागा बघून गाडी बाजूला घेतली. ताडपत्री, हातमोजे, डोक्याला टॉर्च. डावं चाक वहिनीचं, उजवं दादाचं. अकरा मिनिटं! शे-दोनशे मीटर जाऊन पुन्हा उतरून ताण बघितला. मग हळूहळू पुढे. खालून खळ्ळ-खळ्ळ आवाज, गाडी हलकी थरथरणारी. एका छोट्या उतारावर मागेपुढे कुणी नाही बघून दादाने मुद्दाम ब्रेक दाबला.

गाडी थांबली. एवढंच. पण गाडीत आम्ही टाळ्या वाजवल्या.

पुढे बर्फ वाढला. समोर एक छोटी कार आडवी झाली, तिच्यामागे दोन टॅक्सी चाकं फिरवत उभ्या. आमची गाडी त्यांच्या बाजूने आरामात निघाली असती. कुणी अडवलंही नव्हतं. दादा मात्र आरशात बघत होता. मागून साखळी नसलेल्या गाड्यांची रांग येत होती.

‘आपण थांबू,’ तो म्हणाला, ‘पण मागचा थांबेल का?’

आपल्या टायरची साखळी दुसऱ्याच्या गाडीला ब्रेक लावत नाही. आणि वाट बंद झाली की साखळीवालाही सगळ्यांसारखाच अडकतो. २७ डिसेंबर २०२४ ला याच सोलंग नाल्यात सुमारे हजार गाड्या अडकल्या होत्या आणि पाच हजारांच्या आसपास पर्यटकांना बाहेर काढावं लागलं होतं. पिल्लू मागून विचारत होतं, ‘सिस्सू आलं?’ दादाने रुंद जागा बघितली आणि गाडी वळवली. वहिनी काही बोलली नाही. पण या वेळची शांतता वेगळी होती.

दोन दिवसांनी ऊन पडलं, रस्ता मोकळा झाला आणि आम्ही सिस्सूला गेलो. साखळ्या पिशवीत होत्या. पिल्लूने दगडांचे डोळे लावून स्नोमॅन केला आणि त्याचं नाव ठेवलं ‘वॉचमनकाका’.

साखळी घेताय? मग हे बघाच!

• माप स्टिकरवरून नको, चाकावर बसवलेल्या टायरवरून घ्या.
• कुठल्या चाकांना लावायची, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. मग आतली जागा मोजा.
• घाटासाठी डायमंड जाळी बरी. खोक्यावर मानकाचा नंबर हवाच.
• टायरमधली हवा कमी करून साखळी चढवू नका. हुकांची टोकं बाहेरच्या बाजूला ठेवा.
• घरी निदान तीनदा सराव करा, दोघांनी. एकदा तरी बर्फाच्या पाण्यात हात बुडवून.
• शे-दोनशे मीटरवर थांबून ताण तपासा. कोरडा रस्ता लागला की काढा. घरी आल्यावर धुवा, वाळवा आणि तेलाचा हात फिरवा.
• अडकलात तर इंजिन चालू ठेवून झोपू नका. सायलेन्सर बर्फाने बुजला की विषारी वायू गाडीत येतो.

तळोज्यात परत आलो तेव्हा रात्र झाली होती. गेट उघडता उघडता वॉचमनकाकांनी हौद्यात डोकावून बघितलं.

‘लागली का मग साखळी, साहेब?’

‘लागली ना.’

‘पुढे जायला?’

दादा हसला. ‘नाही हो काका, परत यायला.’